तिसऱ्या खणातली पत्रं

मित्रांनो, मी एक जुनं लोखंडी कपाट आहे. चार खणांचं, हिरव्या रंगाचं आणि मनात अढी धरणारं. कपाटानं क्षमाशील असावं असं तुम्हाला वाटत असेल, तर माझी गोष्ट ऐका.

मिशिगनमधल्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. तिथून मला ओहायोतल्या एका छोट्या कॉलेजात, डीन क्रेन यांच्या खोलीत आणून ठेवलं. नवा रंग, चकचकीत मुठी! येणारा-जाणारा माझं कौतुक करी. क्रेनसाहेब तर माझ्या डोक्यावर थाप मारून म्हणत, "याच्याइतका विश्वासू माणूस कॉलेजात नाही." मला तेव्हा अभिमान वाटायचा. आज त्या थापेची आठवण झाली की अंगावर गंज चढतो.

कारण साहेबांनी माझा तिसरा खण एका खास कामासाठी ठेवला होता. काळी मुलं-मुली तक्रारीचं पत्र घेऊन येत. कुणाच्या दारावर घाणेरडे शब्द लिहिलेले असत, कुणाला खाणावळीत टेबलावरून उठवलेलं असे. साहेब सगळं शांतपणे ऐकत, पेपरमिंटची गोळी देत आणि म्हणत, जातीनं लक्ष घालतो. मूल दाराबाहेर गेलं की पत्रावर 'मिळाले'चा शिक्का बसे, आणि पत्र तिसऱ्या खणात. कुलूप. संपलं.

१९७४ साली व्हर्निटा गॅस्किन आली. वीस वर्षांची, अलाबामाहून शिकायला आलेली, डॉक्टर व्हायचं ठरवलेली. रसायनशास्त्राच्या पेपरात तिला वर्गात सर्वांत जास्त गुण पडले. प्राध्यापक म्हणाले, तुझ्यासारखीला एवढे गुण कॉपी केल्याशिवाय पडणार नाहीत, आणि त्यांनी शून्य दिलं. तिनं एका सत्रात साहेबांना तीन पत्रं लिहिली. उत्तर आलं नाही, तेव्हा ती स्वतः येऊन उभी राहिली.

साहेब तिच्याकडे बघून हसले. "मुली, तुझं एकही पत्र माझ्याकडे आलेलं नाही."

तिन्ही पत्रं माझ्या पोटात होती. ती माझ्यापासून दोन हातांवर उभी होती आणि मला तोंड नव्हतं. त्या शून्यापायी तिची वैद्यकीय कॉलेजातली जागा गेली. पुढं चाळीस वर्षं तिनं इस्पितळाच्या प्रयोगशाळेत दुसऱ्यांच्या रक्ताच्या नळ्या तपासल्या. ती खोलीतून रिकाम्या हातानं गेली त्या दिवशीच मी ठरवलं, या माणसाला सोडायचं नाही.

संधी वीस वर्षांनी आली. निवृत्तीच्या आठवड्यात साहेब कागद फाडायला बसले. तिसरा खण मात्र उघडेना. त्यांनी ओढला, हिसडला, लाथ घातली. नख उखडलं, रक्त आलं, खण तसूभर हलला नाही. लोक म्हणतील खणाचा रूळ वाकला होता. मी म्हणेन सूड. शेवटी वैतागून त्यांनी मला ग्रंथालयाच्या तळघरात टाकायला लावलं. तिथं ओल, कोळिष्टकं आणि तुटक्या खुर्च्या. मला कुणी विचारलं नाही. माझा रंग गेला, राग गेला नाही.

सत्तावीस वर्षं अशीच गेली. मग काही माजी विद्यार्थी कॉलेजात परत येऊ लागले. दर शनिवारी ते काळ्या मुलांसोबत बसत, तक्रार कशी लिहायची ते शिकवत आणि दाद लागेपर्यंत पाठीशी उभे राहत. कॉलेजनं त्यांना जागा दिली ती हेच तळघर. पहिल्याच शनिवारी सदुसष्ट वर्षांची व्हर्निटा काठी टेकत आत आली. मला पाहून ती थबकली; डीनसाहेबांच्या खोलीतलं हिरवं कपाट तिनं ओळखलं. तिच्या वर्गातला ल्यूथर टॉलिव्हर, जन्मभर मोटारी दुरुस्त केलेला माणूस, मागून येत होता.

"ल्यूथ, पहार आण," ती म्हणाली.

"अगं, काय आहे त्यात?"

"बघू तर."

त्या दिवशी मी खण अडवला नाही. सत्तेचाळीस पत्रं निघाली. व्हर्निटा आपली तीन पत्रं हातात घेऊन खाली बसली. ती रडली नाही. तिनं शिक्क्यावरून अंगठा फिरवला आणि विचारलं, तो म्हातारा जिवंत आहे का? जिवंत होता. नव्वद वर्षांचा. जूनमध्ये नव्या इमारतीला त्याचंच नाव द्यायचं होतं.

मंडळींनी दोन महिने फोन केले. पत्रं लिहिणाऱ्यांपैकी सव्वीस जण सापडले. समारंभाच्या दुपारी ल्यूथरनं मला ढकलगाडीवर घालून हिरवळीवर, मंचासमोर आणलं. रखवालदार आडवा आला. ल्यूथर म्हणाला, "साहेबांचं जुनं सामान आहे, भेटायला आलंय." अध्यक्ष नाव जाहीर करायला उठले, तशी व्हर्निटाही उठली. तिनं आपलं पत्र मोठ्यानं वाचलं, तारखेसकट. मग ते क्रेनसाहेबांपुढं धरलं.

"पत्र आलंच नाही म्हणाला होतात. हा शिक्का कुणाचा?"

"मला आता काही आठवत नाही," ते पुटपुटले आणि उठू लागले.

"बसा, डीनसाहेब. अजून पंचवीस जणांचं वाचायचं राहिलंय."

ते बसले. त्यांचा मुलगा, त्यांच्या नाती, सगळं गाव ऐकत होतं. दीड तास एकेक जण उठत होता. साहेबांची मान खाली जात होती आणि मी, मित्रांनो, डोळे भरून बघत होतो. मला दया आली नाही. खोटं कशाला सांगू?

इमारतीला नाव दिलं गेलं नाही. कॉलेजनं व्हर्निटाचं शून्य खोडून खरे गुण लिहिले. तिनं तो कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि म्हणाली, आता याचं मी काय करू?

पण शनिवार चुकत नाहीत. परवाच जोसेलिन नावाची मुलगी तक्रार घेऊन आली. व्हर्निटानं तिचा हात धरला, दोघी जिना चढून थेट नव्या डीनबाईंच्या दारात जाऊन बसल्या आणि लेखी उत्तर घेऊनच खाली आल्या.

मित्रांनो, मला रंग दिला नाहीत, तेल घातलं नाहीत, तरी चालेल. पण उद्या तुम्ही मोठे व्हाल, खुर्चीवर बसाल, आणि कुणी तुमच्यापुढं कागद ठेवेल. तो त्याच्यासमोर वाचा. त्याला उत्तर द्या. खणात सारणार असाल, तर आधी त्या खणाकडे नीट बघून घ्या. तो कुणाच्या बाजूचा आहे, हे तुम्हाला ठाऊक नसतं.