शेवटचा तुकडा

डोरीन ॲस्कनं हॅमचा तो तुकडा सुरीनं अर्धा केला, अर्धा स्वतःच्या ताटलीत घेतला आणि उरलेला ट्रेमध्ये तसाच ठेवून म्हणाली, "घ्या बाई कुणीतरी. शेवटचा काही मी घ्यायची नाही."

कुणीच घेणार नव्हतं. आमच्या गावात शेवटचा तुकडा कुणी घेत नाही. केक असो, मांस असो, चीज घातलेले बटाटे असोत, शेवटचा घास उरला की त्याचा अर्धा करायचा, मग त्या अर्ध्याचा अर्धा. नखाएवढं काहीतरी ट्रेमध्ये वाळत पडलं की आपण किती सभ्य आहोत या आनंदात सगळ्यांनी घरी जायचं. मिनेसोटात जन्म काढला मी, तरी या सोंगाचा मला अजून वीट येतो. भूक असेल तर खावं, नसेल तर टाकून द्यावं. पण तेवढं सरळ वागलं तर आमची माणसं आजारी पडतील.

मग माझा भाऊ लाईल टिल्डाला घेऊन आला आणि गावाचा हा पिढ्यानपिढ्यांचा प्रश्न सुटला. शेवटचा तुकडा टेबलाखाली जायला लागला.

टिल्डा पिवळी लॅब्रडोर. लाडाची नव्हे, कामाची. लाईलला कितीतरी वर्षं मधुमेह आहे, इन्शुलिन टोचून घ्यावं लागतं, आणि साखर खाली गेलेली त्याला स्वतःला कळत नाही. इतरांना घाम सुटतो, हात थरथरतात. हा आपला बसलेला असतो बटाट्याच्या पोत्यासारखा, आणि मग कोसळतो. बर्फ काढायची सरकारी गाडी चालवायचा, ती एकदा भर दिवसा खड्ड्यात घातली तेव्हा नोकरी गेली. साखर मोजायचं, दंडावर चिकटवायचं यंत्र आणलं, तर त्या चिकटपट्टीनं कातडीला फोड आले. मग अशी कुत्री शिकवून देणाऱ्या एका संस्थेत नाव घातलं, पुष्कळ वाट पाहिली, आणि टिल्डा मिळाली. तिला त्याच्या घामाच्या वासावरून कळतं. साखर उतरायला लागली की ती त्याच्या गुडघ्यावर पंजा ठेवते. मग त्यानं बोट टोचून बघायचं, आणि तिचं खरं निघालं तर कमरेच्या पिशवीतला वाटाण्याएवढा कोरडा दाणा तिला द्यायचा. तिची सगळी कमाई तेवढीच. दुसऱ्या कुणी तिला हात लावायचा नाही, खायला घालायचं नाही. तिच्या अंगावरच्या जाकिटावर हे एवढ्या मोठ्या अक्षरांत लिहिलेलं आहे, आणि आमच्या चर्चमधले सगळे लोक साक्षर आहेत.

तर त्या रविवारी चर्चच्या तळघरात, ज्यानं त्यानं घरून आणलेले पदार्थ मांडून आमचं जेवण चाललं होतं, आणि टिल्डानं लाईलच्या गुडघ्यावर पंजा ठेवला.

"बघा, हिला बरोबर कळलं हॅम उरलाय ते," डोरीन म्हणाली. सगळे कौतुकानं हसले. लाईलही हसला, कारण सगळे हसत असताना न हसण्याएवढा कणा त्याला देवानं दिलेला नाही. डोरीननं वाकून तो तुकडा टिल्डाच्या तोंडात दिला. टिल्डानं गिळला, पंजा खाली घेतला आणि आडवी झाली.

मी पलीकडच्या टोकाला कॉफी ओतत होते. मान वर केली तेव्हा लाईल कॉफीत मीठ घालत होता आणि दात दाखवून हसत होता. शुद्धीत असताना माझा भाऊ दात दाखवत नाही. मी पोचेपर्यंत तो टेबलावरच्या कापडाला धरून खुर्चीवरून घसरला आणि डोरीननं आणलेली लाल जेली त्याच्या शर्टावर येऊन बसली. त्याच्या खिशातली साखरेची नळी काढून मी त्याच्या गालात पिळली, हिरड्यांवर चोळली. भोवती माणसं उभी होती, हातात ताटल्या घेऊन. एकानंही ताटली खाली ठेवली नाही.

तो डोळे उघडायला लागला तशी डोरीन म्हणाली, "बिचारी टिल्डा. तिला कळलंच नाही या वेळी."

"तिला कळलं होतं," मी म्हणाले. "तिनं सांगितलंही. तू तिच्या तोंडात हॅम कोंबून तिला गप्प केलंस."

मग कुणीतरी कुणाला आणखी कॉफी हवी आहे का म्हणून विचारलं, आणि दुसऱ्या कुणीतरी हवा काय सुंदर आहे म्हणून सांगितलं. आमच्याकडे खून झाला तरी आधी हवेबद्दल बोलतील.

घरी येताना गाडी मी चालवत होते. लाईल शेजारी, शर्टावर जेली वाळलेली. गावाबाहेरच्या वळणावर म्हणाला, "डोरीनला तसं बोलायला नको होतंस, आर्लीन."

"मरत होतास तू."

"तरी पण."

काय बोलायचं अशा माणसाशी? मी त्याची थोरली बहीण. नवरा वारला तेव्हापासून आम्ही दोघं एका छपराखाली राहतो, आणि हे 'तरी पण' मी जन्मभर ऐकते आहे. दर रविवारी मी त्या लोकांना सांगायची, कुत्रीला घालू नका. दर रविवारी लाईल माझी बाही ओढायचा, जाऊ दे, त्यांना वाईट वाटेल. मग ते माझ्याकडे बघून एकमेकांत हसायचे, आर्लीनचं तोंड म्हणजे काय. माझं तोंड! त्यांची तोंडं कधी रिकामी नसत म्हणून ठीक, नाहीतर मीही काही ऐकलं असतं.

आणि कुत्री फुगत होती. आली तेव्हा कंबर होती तिला. आता वरून बघितलं तर नुसतं पिंप. जिना चढताना मधल्या पायरीवर थांबून धापा टाकायची. जनावरांच्या डॉक्टरनं सांगितलं होतं, मागचे खुबे जातील. लाईलच्या डॉक्टरनं लाईललाही तेच सांगितलं होतं, जवळजवळ त्याच शब्दांत. मग दोघं सकाळी तळ्यापर्यंत चालायला जायचे, एकमेकांसाठी थांबत थांबत. घरी त्यानं खरंच कमी केलं होतं. पाव अर्धा, रात्रीचं आइस्क्रीम बंद. सोमवार ते शनिवार दोघं उपाशी साधूसारखे राहायचे आणि रविवारी गाव त्यांना परत भरून काढायचं. डोरीनचा रुबार्ब पाई, म्हणजे आंबट देठ भरून भाजलेला तो गोड पदार्थ, लाईलला मुळीच आवडत नाही. पण प्रत्येक रविवारी दोन फोडी खायचा, वर इन्शुलिन जास्त टोचायचा, आणि "झकास झालाय, डोरीन" म्हणायचा.

त्यातून आणखी एक भानगड झाली होती, ती मला दिसत होती आणि त्यालाही दिसत असणार. घरीसुद्धा पंजा वारंवार पडायला लागला होता. आणि लाईल बोट टोचायचा कंटाळा करून सरळ संत्र्याचा रस प्यायचा आणि तिला दाणा द्यायचा. "तिचं कधी चुकत नाही," म्हणायचा. त्या नको असलेल्या रसानं तो चांगलाच गोल होत चालला होता.

बेशुद्धीचा प्रकार झाला तर संस्थेला कळवायचं असा नियम आहे. लाईलनं कळवलं. आठवड्याच्या आत संस्थेची बाई आली. ब्रिजेट नाव, तिशीतली, शहरातली, दंडात ताकद असलेली. कॉफी नको म्हणाली. एकदाच नको म्हणाली आणि खरंच घेतली नाही, तेव्हाच मला ती आवडली.

तिनं टिल्डाला काट्यावर उभी केली, बरगड्या चाचपल्या, म्हणजे शोधल्या. मग लाईलकडे वळून म्हणाली, "ही अशीच राहिली तर दोन वर्षांत हिला उठता येणार नाही. कोण घालतं हिला?"

लाईलचे कान लाल झाले. "लोक प्रेमानं देतात," तो म्हणाला.

"तुम्ही त्यांना थांबवत नाही?"

लाईल हाताच्या नखांकडे बघत बसला. उत्तर मी दिलं असतं, सविस्तर दिलं असतं, पण तिनं मला हातानंच थांबवलं.

मग तिनं सगळं उघड करून सांगितलं. आज दिवसभर ती इथं बसणार. टिल्डाचा पंजा अजून खरा असेल तर कुत्री इथंच राहील, तिचं खाणं मोजून देऊ, वजन उतरवू, रविवारी चर्चला न्यायचं नाही. पण ती खाण्यासाठी खोटं सांगायला लागली असेल तर तिला न्यावं लागेल. जिच्या शब्दावर विश्वास ठेवता येत नाही ती कुत्री जवळ असणं हे कुत्री नसण्यापेक्षा वाईट, कारण माणूस तिच्या भरवशावर राहतो. कामावरून काढलेल्या कुत्र्यांना घरं मिळतात, ती म्हणाली, चांगली घरं, शिस्तीची. तिथं ही बारीक होईल आणि पुष्कळ जगेल.

"आणि मला दुसरी मिळेल?" लाईलनं विचारलं.

"यादीत शेवटी नाव लागेल तुमचं. खोटं सांगणार नाही, कदाचित मिळणारही नाही."

दुपारपर्यंत टिल्डा शहाण्यासारखी पडून होती. मला वाटलं, निभावलं. मग ब्रिजेटनं मला काहीतरी खाण्याचं टेबलावर ठेवायला सांगितलं, रोजच्यासारखं. मी डुकराच्या मांसाचा थंड तुकडा चिरून ठेवला आणि सिंकपाशी लाईलच्या मागे उभी राहिले. ब्रिजेट टेबलाच्या पलीकडे बसली होती.

टिल्डा उठली. धापा टाकत लाईलपाशी आली आणि तिनं गुडघ्यावर पंजा ठेवला.

लाईलनं बोट टोचलं. यंत्र त्यानं तळहातात धरलं होतं, आतल्या बाजूला. ब्रिजेटला आकडा दिसत नव्हता. मला दिसत होता. एकशे अठरा. इतकी सुरेख साखर त्याची महिन्यात नसेल आली.

"किती?" ब्रिजेटनं विचारलं.

सांगू का मला काय वाटत होतं? खोटं बोल गाढवा, असं वाटत होतं. साठ म्हण, पंचावन्न म्हण, तिला दाणा दे आणि तो मेला रस पी. जन्मभर गावाशी खोटं बोललास, न आवडणारा पाई गिळून झकास म्हणालास, मनात नाही म्हणत तोंडानं हो म्हणालास. आज एकदा स्वतःसाठी बोल. कुत्री गेली तर हा एखाद्या सकाळी तळ्याकाठी मरून पडेल हे मला लख्ख दिसत होतं, आणि त्यालाही दिसत होतंच. त्याचा हात कमरेच्या पिशवीवर गेलेला होता. बोटं आत होती.

टिल्डा त्याच्याकडे बघत होती, शेपूट हलवत.

"एकशे अठरा," लाईल म्हणाला. "साखर ठीक आहे. ती खायला मागतेय."

त्यानं पिशवीतून हात रिकामा काढला. टिल्डानं पंजा हलवला नाही. तेव्हा त्यानं तो दोन्ही हातांनी उचलला आणि खाली जमिनीवर ठेवला.

ब्रिजेटनं टेबलावरचा मांसाचा तुकडा बाजूला सारला. मग म्हणाली, "आता खोटं बोलला असतात तरी मला कळलं नसतं."

"हिचे खुबे जातील ना पण," लाईल म्हणाला. "मला त्या लोकांना नाही म्हणता येत नाही. मी करून बघितलं."

मी सिंककडे तोंड फिरवलं आणि धुतलेलीच भांडी पुन्हा धुतली. माझ्या भावाला मी आयुष्यभर बुळा म्हणत आले, तोंडावर आणि पाठीमागे. त्या दिवशी तो शब्द मला सापडेना.

गाडीत तिला त्यानंच चढवलं. मागच्या पायांना आधार द्यावा लागला.

पुढच्या रविवारी मला वाटलं हा घरी बसेल. पण दाढी करून, टाय बांधून तयार. तळघरात आम्ही बसतो न बसतो तोच डोरीन आली, डोळे पाणावलेले. संस्थेची माणसं किती निर्दय, म्हणाली. असं घरचं जनावर ओढून न्यायचं! आणि मग आवाज खाली आणून, "पण लाईल, खरं सांगू का, फार लठ्ठ झाली होती हो ती."

माझ्या हातात काटा होता. तो मी कुठे घुसवणार होते ते मला पक्कं माहीत होतं.

"त्यांनी नेली नाही, डोरीन," लाईल म्हणाला. "मी दिली."

"अगंबाई. का पण?"

त्यानं खिशातून बोट टोचायचं यंत्र बाहेर काढलं. डोरीननं थोडी वाट पाहिली, मग आज हवा जरा गार आहे म्हणाली आणि पुढच्या टेबलाकडे गेली. लाईलनं बोट टोचून आकडा पाहिला आणि खायला सुरुवात केली, थोडा घेवडा आणि कोंबडीचा एक तुकडा. मी माझा रुमाल खाली पडला म्हणून वाकले. टेबलाखाली सगळ्यांचे पाय ऐसपैस पसरलेले होते. माझ्या एवढ्या धिप्पाड भावानं मात्र आपले दोन्ही पाय खुर्चीखाली आखडून घेतले होते, पुढे एका कुत्रीला लांब होऊन पडता येईल एवढी जागा सोडून.