जपलेली गाडी

साहेबराव आकुर्डीच्या कंपनीतून निवृत्त झाले त्याच सुमारास त्यांच्या गाडीने अडीच लाख किलोमीटर ओलांडले. तेव्हापासून त्यांनी गाडी जपायला घेतली. जपायची म्हणजे चालवायचीच नाही. रोज सकाळी पार्किंगमध्ये पाच मिनिटं चालू करायची, कान देऊन ऐकायची, बंद करायची, वर कव्हर. चाकणला लेकीकडे, आम्रपालीकडे, जायचं तरी बस नाहीतर रिक्षा.

"दारात गाडी अन् आपण रिक्षात," त्यांच्या पत्नी कस्तुराबाई म्हणायच्या. "तिच्या निम्म्यानं माझे गुडघे जपले असते तर!"

"इंजिनचं वय झालंय गं."

"आणि माझं?"

या प्रश्नावर साहेबराव नेहमीच कूलंट बघायला खाली जात.

एके दिवशी गाडी चालू होताच थरथरली, काळा धूर ओकली आणि डॅशबोर्डवरचा इंजिनचा पिवळा दिवा लागला. साहेबरावांचा चेहरा पडला. रहाटणीच्या खंडू मेकॅनिककडे त्यांनी ती अगदी हळू, जीव मुठीत धरून नेली. खंडूने ऑइलचं झाकण उघडलं. आतून सायीसारखा पिवळट थर.

"काका, चालवतं कोण ही?"

"कुणीच नाही. जपतो ना मी."

खंडू हसला. "तिथंच घोळ झाला. पाच मिनिटांत इंजिन नीट तापत नाही. आतलं पाणी उडून जात नाही, ऑइलमध्येच मुरतं. ऑइल-फिल्टर बदलतो, प्लग साफ करतो. पण खरं औषध एकच. आठवड्यातनं एकदा लांब न्या. मोकळा रस्ता लागला की पळू द्या."

"या वयात पळवायची?"

"पळवली नाही तर बसेल कायमची."

घरी हे सांगायची साहेबरावांना चोरी झाली. पण रविवारी आम्रपालीकडे जायचं म्हणून कस्तुराबाई ठेवणीतली साडी नेसून, डबा घेऊन आधीच गाडीत बसलेल्या. खंडूशी त्या फोनवर बोलल्या होत्या.

मोशीपर्यंत साहेबरावांचे डोळे रस्त्यापेक्षा तापमानाच्या काट्यावर जास्त. चाकणच्या चौकात ट्रकांच्या गर्दीत गाडी अडकली, तेव्हा काट्याआधी त्यांनाच घाम फुटला. काटा मात्र मध्यावरून हलला नाही. चौक सुटला, रस्ता मोकळा झाला, त्यांनी भीतभीत पाय दाबला. आधी इंजिन कुरकुरलं, मग आवाज एकसारखा झाला, घट्ट, गोल. आरशात बघितलं तर धूर नाही. साहेबराव चक्क गुणगुणायला लागले.

"ऐक, ऐक! नव्यासारखं चाललंय."

"ऐकतेय."

समोर राजगुरुनगरची पाटी आली तेव्हा त्यांनी दचकून ब्रेकवर पाय ठेवला. "अगं, आम्रपालीचं वळण तर केव्हाच मागे गेलं!"

"मला दिसलं होतं," कस्तुराबाई खिडकीची काच खाली करत म्हणाल्या. "तिला सकाळीच फोन केलाय, संध्याकाळी येतो म्हणून. चला पुढं."