नटवलेले हूक

सुनेने खाटेची चौकट रंगाच्या टाकीतून वर खेचली. राखाडी ओघळ पाण्याने धुतले, तर खाली लोखंड जसंच्या तसं!

समोर हॉस्पिटलच्या खरेदीवाल्या बाई उभ्या. दोनशे खाटांचं काम या एका चौकटीवर ठरणार होतं. ते हुकलं, तर हौसेने घेतलेली ही विजेवर रंग चढवणारी टाकी पांढरा हत्तीच.

"मी म्हणत नव्हतो?" सासरे पुटपुटले. चाळीस वर्षं ब्रश चालवलेला माणूस. हात न लावता रंग बसतो, हे त्यांच्या काही केल्या पचनी पडत नव्हतं.

सुनेने बटण पाहिलं, तारा चाचपल्या. सगळं ठीक. मग तिची नजर चौकट टांगलेल्या हुकांवर गेली. कालपर्यंत कळकट असलेले हूक आज निळ्या रंगात चकाकत होते. इतक्या मायेने हुकांना रंग देणारा माणूस घरात एकच होता.

"बाबा, हे तुम्ही?"

"पाहुणे यायचे होते," सासरे ओशाळले. "म्हटलं, जरा बरे दिसतील."

तिला रागही आला आणि हसूही. शेवटी हसूच जिंकलं.

"अहो, हुकातूनच तर चौकटीला वीज मिळते! सुकलेल्या रंगातून ती जाईल कशी?" मग ती बाईंकडे वळली. "पाण्यातल्या रंगाच्या कणाकणावर विजेचा भार असतो. चौकटीला वीज लागली की ते तिकडे धावतात. एके ठिकाणी थर बसला की उरलेले उघडी जागा शोधत जातात, अगदी चौकटीच्या पोकळ नळीच्या आतसुद्धा."

सासऱ्यांनी कानस घेतली आणि हूक घासून लख्ख केले.

या वेळी चौकट रंग लेवूनच वर आली. भट्टीतून निघून गार झाल्यावर बाईंनी नख लावून पाहिलं. रंग निघाला नाही, तरी त्यांचं मन मानेना.

"आजोबा, तुम्ही जुने जाणकार. खरं सांगा, ब्रशचं काम जास्त टिकतं ना?"

सासऱ्यांनी टॉर्च लावून नळीच्या तोंडातून आत पाहिलं. बोट घालून फिरवलं. आतही रंग! पुन्हा पाहिलं.

"तुमच्याकडच्या जुन्या खाटा आतून गंजल्यात ना?" त्यांनी विचारलं.

"हो, म्हणून तर नव्या घेतोय."

"त्या मीच ब्रशने रंगवलेल्या," सासरे म्हणाले. "टाकू नका. त्याही हिच्याकडे पाठवा."