एका रक्ताच्या दोघी

"मॅडम, माया जन्मताच रक्तात असते, का घरात शिकतात?"

नववीच्या वर्गात शिवांजलीनं उभं राहून विचारलं आणि मागच्या बाकावरच्या मैत्रिणी खुसुखुसू हसल्या. असं विचारून दाखव, अशी पैज त्यांनीच लावली होती. पण शिवांजलीला उत्तर खरंच हवं होतं. तिला नर्स व्हायचं होतं, अन् आई सारखी म्हणायची, "तू? कुणी मेलं तरी तुझ्या डोळ्यात टिपूस न्हाई. आजाऱ्याला कसली माया लावणार!"

विज्ञानाच्या मॅडम खुलल्या. "थोडी रक्तातली, थोडी घरातली. जुळ्यांकडं बघून अंदाज बांधतात. पण एखाद्या माणसात कशाचा वाटा किती, ते नाही सांगता येत."

जुळी बहीण तर तिला होतीच! दीपमाला, हुबेहूब तिच्यासारखी. मावशीला मूल नव्हतं, म्हणून बारशातच तिच्या ओटीत घातलेली. ती उंब्रजला वाढली, शेळी लंगडली तरी मावशीसंगं रडत. शिवांजली तासगावात, फौजेतून परतलेल्या वडलांच्या, आप्पांच्या हाताखाली: "रडत बसू नको, कामाला लाग."

परीक्षा संपल्यावर दीपमाला राहायला आली. शिवांजली वही घेऊन तिच्या मागं मागं.

"आगं, मी काय प्रयोगशाळेतला बेडूक हाय व्हय?" दीपमाला वैतागली.

तिसऱ्या दिवशी बेदाण्याच्या शेडमध्ये वरच्या जाळीवर द्राक्षं पसरताना कामकरी हरणाबाईंचा पाय घसरला. धाडकन खाली! हात मोडला. दीपमाला त्यांचं डोकं मांडीवर घेऊन हुंदके द्यायला लागली. शिवांजलीनं खोक्याचा पुठ्ठा दुमडून हाताखाली धरला, ओढणीनं बांधला, ट्रॅक्टर बोलावला.

"तुला काईच वाटलं न्हाई?" दीपमालानं विचारलं.

"पोटात असा गोळा आलाय, अजून हालंना."

"माझ्यापण!"

दोघी एकमेकींकडं बघतच राहिल्या. गोळा दोघींना सारखाच. रडायची मुभा मात्र एकीलाच मिळालेली. एवढ्यानं काही सिद्ध होत नव्हतं, हे शिवांजलीलाही कळत होतं. तरी तिला आनंदानं उडी मारावीशी वाटली.

"आवं भवान्यांनो," हरणाबाई ट्रॉलीतून कण्हत ओरडल्या, "नुसत्या बघताय काय? एकीनं हात धरा, एकीनं डाक्टरशी बोला!"

दवाखान्यातून आल्याआल्या शिवांजली चप्पलसुद्धा न काढता दारातच उभी राहिली.

"आई, आप्पा, दहावीनंतर मी सायन्स घेणार, मग नर्सिंग. आणि कधी घरी येऊन रडले, तर कुणी गप बस म्हणायचं न्हाई."