दौऱ्याची नोंद

साहेब तिच्या टेबलासमोर उभे होते आणि ती त्यांना 'बसा' म्हणाली नव्हती.

"ताई, दौरा टाकायचा राहिला वाटतं तुमच्याकडून. या महिन्यात माझी सगळ्या दुपारची गैरहजेरी दिसतेय. वरून विचारणा आलीय."

"राहिला नाही, साहेब. टाकला नाही."

शेजारच्या टेबलावरचा टंकलेखक उगीचच खोकला.

कार्यालयाची हजेरी तिच्याकडे होती. सकाळी यंत्रावर अंगठा, संध्याकाळी अंगठा. मधे न विचारता फाटकाबाहेर पाऊल पडलं की अर्धी रजा. हा नियम साहेबांनीच काढलेला. स्वतः ते जेवण झालं की घरी जात, तिथून काम करत आणि ती मुकाट्याने त्यांच्या नावापुढे 'दौरा' टाके. तो दौरा साहेबांच्या दिवाणखान्यापलीकडे जात नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

हा नियम निघण्याआधी दोन वर्षं तीही हेच काम घरून करत होती, बाबांच्या खाटेला खुर्ची लावून. बाबांची उजवी बाजू लुळी पडली होती, जीभ मात्र शाबूत. "आज कुणाची रजा खाल्लीस गं?" असं विचारून स्वतःच हसायचे. मग सगळ्यांनी कार्यालयातच यावं असा आदेश निघाला. आठवड्यातले दोन दिवस तरी घरून करू द्या, म्हणून तिने अर्ज केला. साहेबांनी मान वर केली नाही. "वडील सगळ्यांनाच असतात, ताई. पाठवतो वर."

कार्यालयात येऊन ती तेच काम तशाच संगणकावर करायची आणि मधूनमधून बाबांना फोन लावायची. एका दुपारी त्यांनी फोन उचलला नाही. नेमके त्या दिवशी साहेब जागेवर होते. ती धावत त्यांच्याकडे गेली, तर म्हणाले, "आढावा संपू द्या, मग जा." आढावा लांबला. ती घरी पोचली तेव्हा बाबा खाट आणि न्हाणीघर यांच्या मधे पडलेले होते. डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणलं असतं तर. बाबा गेले.

आता साहेबांनी आवाज उतरवला. "अहो, बायको जिन्यावरून पडली. खुब्याचं ऑपरेशन झालंय. दुपारी तिच्याजवळ कुणी नसतं. तुम्हाला नुसतं एक बटण दाबायचंय."

"अर्ज करा. वर पाठवते."

"त्याला किती दिवस लागतील?"

"माझा तर अजून परत आलेला नाही, साहेब."

त्या दिवसापासून साहेब संध्याकाळपर्यंत बसू लागले. काचेपलीकडून त्यांचं बोलणं कानावर यायचं. "पाणी घेतलंस का? एकटी उठू नकोस हं." ते ऐकलं की तिला दुपारचा चहा गोड लागे. चांगली वागणूक नाही ही, असं एकदा तिच्या मनात आलं आणि तिने ते आल्यापावली परत पाठवलं.

"साहेबांना चांगलंच बसवलंत," कप उचलताना शिपाईमामा म्हणाले.

"खुर्ची त्यांचीच आहे, मामा."

मग एका दुपारी साहेब फोन कानाला लावून नुसतेच उभे राहिले. परत लावला. पुन्हा लावला. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी काचेतून तिच्याकडे पाहिलं, ओठ हलले, पण तिने नजर संगणकाकडे वळवली. चष्मा टेबलावर विसरून ते धावत सुटले. खिडकीतून तिला ते फाटकाबाहेर रिक्षाला हात करताना दिसले. ती उठून उभी राहिली होती. कधी उठली, तिलाच कळलं नाही.

रिक्षा थांबली, पण साहेब बसले नाहीत. त्यांनी फोन कानाला लावला, ऐकलं आणि मटकन कठड्यावर बसले. थोड्या वेळाने ते वर आले, घामाघूम, ओशाळं हसत.

"झोपली होती हो. फोन उशीखाली गेला होता."

"बरं झालं," ती म्हणाली.

पण छातीत जे खचकन खाली बसलं, ती सुटका नव्हती. ती निराशा होती, आणि ती तिने नीट ओळखली. साहेब चष्मा शोधायला आत गेले. ती खुर्चीत बसली, पदराने हात पुसले आणि त्यांच्या नावापुढे अर्धी रजा टाकली.