कुठेही चालणारी बादली

मी एक जुनी, पांढरी, प्लॅस्टिकची बादली आहे. मित्रांनो, जवळ आलात तर माझ्या अंगाला शेपूचा वास येईल, पण नाक मुरडू नका. माझा जन्म काकडीच्या लोणच्यासाठी झाला, आणि इथं अमेरिकेत, नेब्रास्कात, त्यात भरपूर शेपू घालतात. लोणचं केव्हाच संपलं, वास तेवढा राहिला.

रिकामी झाल्यावर खानावळीच्या मागच्या दारी माझी रवानगी कचऱ्यात होणार होती. तिथं स्वयंपाक करणाऱ्या डार्लीन ह्रुस्काबाईंनी मला वाचवलं. त्यांच्या मुलाला, वेंडलला, बेसबॉलचं वेड होतं आणि त्याचे चेंडू झेलायला घरी दुसरं कुणी नव्हतं. वडील ट्रक घेऊन सदा गावाबाहेर. बाईंचे गुडघे कुरकुरणारे, उकिडवं बसणं अशक्य. त्यांनी अंगणात मला पालथं घातलं, वर बसकण मारली, भट्टीतले ट्रे काढायचा जाड हातमोजा चढवला आणि म्हणाल्या, "हं, टाक! पण तोंडावर मारलास तर आज जेवण नाही."

तो उपाशी कधी राहिला नाही. एकदा फक्त चेंडू बाईंच्या नाकावर बसला, आणि त्या दिवशी दोघंही हसून हसून जेवायची राहिली.

मग वेंडल कॉलेजच्या संघात निवडला गेला. माझ्यात चेंडू भरून मलाही घेऊन गेला. संघाचे प्रशिक्षक ओस्ट्रँडर सरांनी पहिल्याच आठवड्यात त्याला हेरलं. पहिल्या बेसवर खेळणाऱ्या क्लेटनचा पाय मुरगळला, त्याच्या जागी वेंडल गेला. दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधे, शॉर्टस्टॉपवर खेळणाऱ्या नाचोला ताप आला, तिथंही वेंडल गेला. चेंडू झेलणारा कॅचर झाला, लांबच्या कुंपणाशी पळाला, वेळ पडली तेव्हा चेंडू टाकणारा पिचरही झाला. सर सगळ्यांना अभिमानानं सांगत, "ह्रुस्का ना? कुठेही चालतो!"

माझंही तसंच. चेंडू ठेवा, दुखऱ्या खांद्यासाठी बर्फ ठेवा, गळक्या छपराखाली ठेवा. आणि सांगायलाही लाज वाटते, पण सूर्यफुलाच्या बिया चघळून अर्धा संघ टरफलं माझ्यात थुंकत असे. कुणी हटकलं की उत्तर ठरलेलं, "बादलीच ती. कुठेही चालते!"

डार्लीनबाईंची मात्र पंचाईत व्हायची. त्या पहिल्या बेसजवळ जागा धरून बसत आणि पोरगा नेमका पलीकडच्या टोकाला. एका सामन्यात तर "शाब्बास माझ्या राजा!" म्हणून त्या भलत्याच मुलासाठी घसा बसेपर्यंत ओरडल्या. त्या मुलाची आई शेजारीच बसली होती.

सराव संपला की वेंडल माझ्यावर येऊन बसे. "बादले," तो म्हणे, "एक तरी जागा माझी असती गं."

शेवटच्या वर्षाच्या मुलांचा निरोपाचा दिवस आला. आमच्या कॉलेजात त्या दिवशी लाऊडस्पीकरवरून नाव पुकारलं, की मुलगा आईचा हात धरून मैदानातल्या आपल्या जागेवर जाऊन उभा राहतो. वेंडलला आठवडाभर घास गोड लागला नव्हता.

"आपण कुठं उभं राहायचं रे?" बाईंनी विचारलं. अंगात ठेवणीतला झगा, हातात संघानं दिलेलं गुलाबाचं फूल.

"बघू ना, आई."

"बघू काय? माझ्या टाचा मातीत रुतताहेत!"

इतक्यात नाव पुकारलं गेलं. वेंडल मैदानाच्या कडेला तसाच उभा. क्लेटन ओरडला, "वेंड्या, इकडे! माझी अर्धी जागा तुझीच आहे."

"चल हट!" नाचो खेकसला. "माझ्या तापात हा खेळला होता. काकू, इकडे या!"

मग चहूकडून हाका. बिचारा दोन पावलं इकडे गेला, तीन तिकडे. कान लाल झाले. प्रेक्षक हसू लागले, आणि त्याचे डोळे भरून आले. ते मला दिसलं, आणि बाईंनाही.

त्यांनी गुलाब केसांत खोचला. तरातरा माझ्याकडे आल्या, माझ्यातली टरफलं झाडली ("शी, ही काय पद्धत झाली?"), कॅचर बसतो तिथं मला पालथं घातलं आणि झग्यासकट बसल्या.

"क्लेटन, तुझा हातमोजा दे. आणि तू रे, तिकडे जा, चेंडू टाकतात तिथं. बघतोस काय? टाक!"

वेंडलनं टाकला. चेंडू आईच्या डोक्यावरून थेट जाळीवर.

"कॉलेजात हेच शिकलास होय?"

सगळं मैदान खो खो हसलं. वेंडलही हसला, डोळे पुसले आणि पुन्हा टाकला. खाडकन हातमोज्यात! अगदी अंगणातला आवाज.

लाऊडस्पीकरवाल्यानं हळूच विचारलं, "सर, याची जागा काय सांगू?"

ओस्ट्रँडर सर घसा खाकरून म्हणाले, "आईसमोर. असंच सांग."

मित्रांनो, आता माझ्या तळाला चीर गेली आहे. पाणी राहत नाही, पण बाई अजून बसतात. तुमच्याही घरी कुणीतरी कुठेही चालणारं असेल, वस्तू असो वा माणूस. त्याला एकदा विचारा, "तुला कुठं बसायचंय?" आणि कृपा करून टरफलं खिशात ठेवा.