शेठची पत्रं

चन्नप्पाशेठच्या चादरींच्या पेढीत चौऱ्याहत्तर साली तारेवरून मजकूर छापून देणारा टेलेक्स आला आणि कारकून गोपाळरावांची गिऱ्हाइकांना जाणारी पत्रं बंद झाली. मुंबईतला सुताचा भाव घटकाभरात कळू लागल्यावर लांबलचक पत्रं लिहीत बसतो कोण? शेठनी कार्डंच छापून घेतली. गोपाळरावांनी नुसता भाव भरायचा, पत्ता घालायचा.

वर्षभर पेढीची चांदी झाली. पण अक्कल काय एकट्याच्या मालकीची असते? पुढच्या वर्षी शेजारच्या तिघांनी टेलेक्स घेतला, कार्डंही छापली. सगळ्यांचा भाव सारखा, कार्ड सारखं. पहिले पाढे पंचावन्न! वर वैरागचे कुंडलिक, वीस वर्षांचं गिऱ्हाईक, तेही तुटले.

"जाऊन बघा काय झालंय ते," शेठ म्हणाले.

गोपाळराव मनातून हरखले. बायको जाऊन बारा वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. शेठ पत्राखाली सही ठोकायचे, वाचायचेसुद्धा नाहीत. म्हशीचा पाय बरा झाला का, लेकीला, दुर्गाला, बाळंतपणाला आणलंत का, हे सगळं गोपाळरावच विचारायचे. कुंडलिकांचं उत्तर शेठच्या नावानं यायचं, पण ते आपल्यालाच आलंय असं त्यांना वाटायचं. दुसरं कुणाचं पत्र त्यांना येतच नव्हतं. आज तो माणूस पहिल्यांदा भेटणार होता. एकदा तरी सांगावं, तो मीच.

वैरागच्या दुकानात कुंडलिकांनी पाणी दिलं.

"माल का थांबवलात?" गोपाळरावांनी विचारलं.

"चार पेढ्यांची चार कार्डं येत्यात, समदी सारकीच. मग हितला जवळचा यापारी बघितला." कुंडलिक पुढे सरकले. "खरं सांगू? आमची आई गेली, तवा शेठचं दोन पानी पत्र आलं हुतं. सख्खा भाऊ लिवणार न्हाय असं. आता नुसता भाव येतो. आमचं काय चुकलं वो?"

"ती पत्रं... मी लिहायचो."

कुंडलिकांचा चेहरा उतरला. "तुमी? म्हंजे पगारी मानूस? मग शेठला आमचं कायबी ठावं न्हवतं व्हय?"

बाहेर एस.टी.चा भोंगा वाजला. गोपाळरावांनी पेला खाली ठेवला. हो म्हटलं तर कुंडलिक त्यांना ओळखणार होते, पण कुंडलिकांची शेठवरची वीस वर्षांची माया फुकट जाणार होती.

"तसं नव्हे. शेठ सांगायचे, मी उतरवून घ्यायचो. माझं नुसतं अक्षर."

"असं म्हना की!" कुंडलिक खुलले. "मग शेठला म्हनावं, पुन्ना लिवा. पन्नास चादरी धाडा, आन् दुर्गाला मुलगा झाला म्हनून सांगा. लई वाट बघत हुते ते."

"हो, फार वाट बघत होते," गोपाळराव म्हणाले.

"आन् तुमचं नाव काय म्हनलात?" कुंडलिकांनी विचारलं, पण तेवढ्यात गिऱ्हाईक आलं आणि ते तिकडे वळले.